काय शिकावे, हे ठरत नसेल तेव्हा



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातील माणसांनी एकत्र जमावे, एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी घरी जाता जाता त्यावर वाद घालावा, हा रिवाज पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी रुजला. आजचा विषय मी ऋतूकडे पाहूनच निवडला आहे. बारावीची परीक्षा आटोपली आहे, निकाल लागायचा आहे, आणि ज्या घरात बारावीचे मूल आहे त्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याबरोबर एक प्रश्नही पुढे येतो, ‘मग, पुढे काय करायचे ठरवले आहे?’ मूल आईकडे पाहते, आई वडिलांकडे पाहते आणि वडील म्हणतात, ‘बघू, निकाल तर लागू दे!’ माझे आजचे बोलणे या ‘बघू’विषयी आहे. निकाल लागल्याने गुण कळतात. काय शिकावे हे त्यातून कळतेच असे नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते अवघे चार होते. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतील दोघे. त्या काळी कॉलेजची पायरी चढायला मिळते की नाही, हाच मोठा प्रश्न होता. पायरी चढल्यावर कोणत्या दाराने आत जावे, याचा घोळ घालावा इतकी दारेच नव्हती. आज दारे मोजता येत नाहीत. सोळाव्या वर्षी कला, वाणिज्य की विज्ञान. अठराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा. आणि त्यानंतर पसंतिक्रमाचा तो लांबलचक अर्ज, ज्यात महाविद्यालये आणि शाखा एकापुढे एक लिहीत जायच्या. निवड वाढली, परंतु निवडणाऱ्याचे वय तेच राहिले. तेव्हा अठरा वर्षांचे मूल ‘मला अजून ठरवता येत नाही’ म्हणाले, तर त्याला आळशी किंवा बावळट समजण्याचे कारण नाही. ज्या गोष्टी त्याने पाहिल्याच नाहीत त्यांविषयी त्याचे मत ठाम असेल, तर ते ठामपण मला अधिक संशयास्पद वाटते.

परंतु ‘ठरत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. वैद्य ताप पाहून थांबत नाही. ताप कशाचा ते विचारतो. माझ्या मते ‘ठरत नाही’ याचे तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे. पहिल्या प्रकारच्या मुलाला दोन-तीन गोष्टी सारख्याच आवडतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला कशाचीच ओढ वाटत नाही. तिसऱ्या प्रकारच्या मुलाला काय हवे ते ठाऊक असते, पण ते घरात बोलण्याची त्याला चोरी असते. बाहेरून तिघांचेही उत्तर एकच ऐकू येते, ‘माहीत नाही.’

पहिला प्रकार सर्वांत सोपा, तरी त्याचाच बाऊ फार होतो. एखादी मुलगी म्हणते, मला अर्थशास्त्रही आवडते आणि संख्याशास्त्रही आवडते, रात्र रात्र झोप येत नाही. तिला एवढेच सांगावेसे वाटते की, तराजूची दोन पारडी जेव्हा खरोखर समसमान असतात, तेव्हा चुकीचे पारडे उचलल्याने होणारे नुकसानही लहानच असते. सोने आणि कथील यांत निवड कठीण जात नाही. सोन्याच्या दोन सारख्या पाटल्यांत निवड कठीण जाते, आणि तेथे कोणतीही घेतली तरी घरात सोनेच येते. अशा वेळी जे महाविद्यालय चांगले, जेथे शिकवणारे शिक्षक खरोखर वर्गावर येतात, जेथील ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते, ते पाहून निर्णय करावा. विषयाच्या नावापेक्षा तो कोण शिकवतो याने विद्यार्थ्याच्या आयुष्यात अधिक फरक पडतो. शिवाय आता एक विषय मुख्य आणि दुसरा दुय्यम असे दोन्ही घेण्याची सोय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी रचना महाराष्ट्रातील विद्यापीठांत सुरू झाली आहे, तिचा हा फायदा घ्यावा.

दुसरा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे. ‘मला कशातच रस वाटत नाही’ असे मूल म्हणते, आणि वडीलधारी मंडळी उपदेश करतात, ‘बाबा रे, तुझी आवड शोध.’ जणू आवड म्हणजे माळ्यावर ठेवलेली एखादी पेटी आहे. शिडी लावली, जळमटे झाडली की सापडायची! आवड बहुधा अशी सापडत नाही. ती काम करता करता वाढते. तबल्यावर हात बसेपर्यंत रियाज कंटाळवाणाच असतो. हात बसू लागला की मग बोलावे लागत नाही. या बाबतीत ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या तीन मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विश्वातील कृष्णविवरांविषयीचा एक मनोरंजक चित्रपट दाखवला. सर्वांना तो आवडला. मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. आवड ही जन्मजात आणि ठरीव असते असे मानणाऱ्यांचा उत्साह लेख अवघड लागताच अधिक ओसरला. आवड घडवता येते असे मानणाऱ्यांचा तितका ओसरला नाही. म्हणजे ‘तुझी खरी आवड शोध’ हा आपला प्रेमळ उपदेश कधी कधी मुलाला पांगळे करतो. पहिला कठीण धडा आला की त्याला वाटते, ‘अरेच्चा, ही माझी आवड नव्हतीच!’ आणि ते दुसऱ्या पेटीच्या शोधाला निघते.

मग ज्याला कशातच रस वाटत नाही त्याने करावे काय? आपल्या भाषेने याचे उत्तर स्वयंपाकघरातच ठेवले आहे: शितावरून भाताची परीक्षा. सबंध भांडे कोणी खाऊन पाहत नाही, आणि नुसता वास घेऊनही कोणी भात शिजला म्हणत नाही. एक शीत बोटाने दाबून पाहावे लागते. आपली मुले बहुधा वासावरून निर्णय करतात. ‘संगणक अभियांत्रिकी’ या नावाचा एक वास आहे, ‘मानसशास्त्र’ या नावाचा एक आहे, ‘वकिली’ या नावाचा तर चित्रपटांनी पसरवलेला घमघमाट आहे. दुरून डोंगर साजरे! मानसशास्त्र म्हणजे माणसांची मने ओळखणे असे समजून आलेल्या मुलाला पहिल्याच टप्प्यात संख्याशास्त्र शिकावे लागते. वकिलाचा बहुतेक दिवस युक्तिवादात जात नाही; कागद वाचण्यात, मसुदे लिहिण्यात आणि पुढच्या तारखेची वाट पाहण्यात जातो. यात वाईट काही नाही. परंतु ज्याला कागद वाचायचा कंटाळा आहे त्याने हे आधी जाणून घ्यावे.

यासाठी माझी सूचना अशी की, ज्याला ठरवता येत नाही त्याने पदवीचे नाव निवडण्याऐवजी दिवस निवडावा. डॉक्टर व्हायचे का, असा प्रश्न स्वतःला विचारू नये. आजाऱ्यांमध्ये उभ्याने दिवस काढणे, रात्री उठून जाणे, तिशी येईपर्यंत पुस्तक हातातून खाली न ठेवणे, असा दिवस मला चालेल का, हे विचारावे. असे शीत चेपून पाहण्याचे मार्ग फुकट आहेत आणि निकाल लागेपर्यंतचे हे आठवडे त्यासाठीच आहेत. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर अभ्यासक्रम असतात. तो उघडावा, आणि विषयाच्या मथळ्यावर न थांबता पहिल्या दोन वर्षांत नेमके काय शिकायचे आहे ते वाचावे. ग्रंथालयातून पहिल्या वर्षाचे पाठ्यपुस्तक आणावे आणि त्यातील एक प्रकरण उदाहरणांसकट पुरे करावे. पंधरा दिवस हेच करावे. प्रकरण सोपे गेले का, हा त्यातला प्रश्नच नाही. अडल्यावर पुन्हा त्याकडे वळावेसे वाटले का, एवढेच पाहावे. ओळखीच्या कोणाच्या दुकानात, कार्यशाळेत, शेतावर, कचेरीत एक पुरा दिवस बसून यावे. आणि सल्ला विचारायचाच तर पहिल्या आलेल्या मुलाला विचारू नये, कारण त्याला सगळेच जमते. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मध्यम विद्यार्थ्याला विचारावे. तो खरे सांगतो.

आता काही मंडळी म्हणतील, हे सारे ठीक, पण एकदा पाऊल पडले की पडले. चुकले तर आयुष्याचे वाटोळे! ही भीती पुष्कळ खोटी आणि थोडी खरी आहे. आधी तिचा खोटा भाग पाहू.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले गणिती. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली ते पदवीधर झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. संख्याशास्त्राचा एक प्रश्न म्हणून ते प्राचीन नाण्यांकडे वळले. हातोहात फिरलेले नाणे झिजते, त्याचे वजन घटते. तेव्हा हजारो नाणी काटेकोरपणे वजन करून त्यांचा काळाचा क्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. त्या नाण्यांनी त्यांना इतिहासात नेले, आणि १९५६ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण दिले. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र केले, आणि बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांचे ‘युगान्त’ वाचताना त्यातले तत्त्वज्ञान कोठे संपते आणि समाजशास्त्र कोठे सुरू होते, हे दाखवून द्यावे! वर्गीज कुरियन यांना सरकारने दुग्ध अभियांत्रिकीची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले होते. त्यांचे मन यंत्र अभियांत्रिकीत आणि धातुशास्त्रात, आणि तिकडे जाऊन ते मुख्यतः तेच शिकले. परत आल्यावर करारापायी १९४९ साली त्यांना नाखुशीने आणंदला जावे लागले. त्या नाखुशीच्या नोकरीतून पुढे काय उभे राहिले, ते रोज सकाळी आपल्या दाराशी येते. आणि वेंकटरामन रामकृष्णन यांनी तर १९७६ साली भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट हाती घेतली आणि पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते रसायनशास्त्राचे!

या मोठ्या माणसांची नावे घेतली म्हणून कोणी असा अर्थ काढू नये की, काहीही शिका, शेवट गोडच होतो. वाट बदलून मागे पडलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की, पहिला विषय नीट शिकला असेल तर दुसऱ्या विषयात तो वाया जात नाही. कोसंबींचे गणित नाण्यांत उतरले, इरावतीबाईंचे तत्त्वज्ञान महाभारतात उतरले. अर्धवट शिकलेले मात्र कोठेच उपयोगी पडत नाही. तेव्हा ‘योग्य विषय कोणता’ या चिंतेतील निम्मी चिंता काढून ती ‘घेतलेला विषय नीट शिकतो का’ या बाजूला घालावी.

याला जोड म्हणून एका अर्थशास्त्रज्ञाचे काम सांगतो. इंग्लंडात विद्यार्थ्याला विद्यापीठात शिरण्यापूर्वीच विषय पक्का करावा लागतो. शेजारच्या स्कॉटलंडात पहिली दोन वर्षे निरनिराळे विषय शिकून मग मुख्य विषय ठरवतात. ओफर मालामुड यांनी या दोन्हीकडच्या पदवीधरांची तुलना केली आणि २०११ साली ती प्रसिद्ध झाली. लवकर विषय ठरवणारे इंग्लंडचे विद्यार्थी आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या व्यवसायात जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. ज्यांना आधी चाखून पाहायला मिळाले, ते आपल्या विषयात अधिक टिकले. घाईने केलेली निश्चिती ही खरी निश्चिती नव्हे, असाच याचा अर्थ. आपली पद्धत स्कॉटलंडपेक्षा इंग्लंडला जवळची आहे. तेव्हा जे चाखणे संस्था करून देत नाही, ते आपल्या मुलांना आपणच करून दिले पाहिजे.

आता भीतीचा खरा भाग. काही दारे खरोखरच बंद होतात, आणि ती कोणती हे भावनेने ठरत नाही, नियमाने ठरते. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला पुढे कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीला जाता येते. उलट दिशेने जाणे बहुधा जमत नाही. गणित सोडले की अभियांत्रिकीचे, वास्तुविद्येचे बहुतेक दरवाजे लागतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतेच. दुसऱ्या बाजूला कित्येक दारे पदवीनंतरही सताड उघडी राहतात. तीन वर्षांची कायद्याची पदवी, शिक्षणशास्त्र, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, व्यवस्थापन आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षा यांना सामान्यतः कोणतीही पदवी चालते. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमालाही विहित गुण असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्या मुलाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. नव्या धोरणात एक वर्ष पुरे करून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन थांबता येते आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवून पुन्हा येता येते. ज्याचे ठरत नाही त्याने एका कागदाच्या दोन बाजूंना ही यादी करावी: या पावलाने कोणती दारे कायमची लागतात, आणि कोणती नंतरही उघडी राहतात. पुष्कळ घरांतला निम्मा कलह ही यादी केल्यावर मिटेल, कारण भांडण ज्या दारावरून चालले आहे ते मुळी बंद होणारच नसते, असे दिसून येईल.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. ‘दारे उघडी राहावीत’ म्हणून आपल्याकडे हजारो मुलांना विज्ञान शाखेत घालतात. ज्याला गणित झेपते त्याच्या बाबतीत हे शहाणपणाचे आहे. परंतु ज्याला ते मुळीच झेपत नाही, जो दोन वर्षे शिकवणी वर्गांच्या बाकांवर मान खाली घालून बसतो आणि शेवटी सर्वच विषयांत मागे पडतो, त्याच्यासाठी उघडी दारे कोणती उरली? कागदावर सर्व उघडी आणि गुणपत्रिकेवर सर्व बंद! दार उघडे ठेवण्यालाही भाडे पडते. ते भाडे किती, हे विचारून मग दार उघडे ठेवावे. आणि सारी दारे उघडी ठेवण्याच्या नादात आयुष्य उंबरठ्यावरही काढू नये. ठरवण्याला एक तारीख असावी. त्या तारखेपर्यंत चौकशी करावी, आणि मग जे हाती आहे त्यावर पाऊल टाकून निदान एक वर्ष तरी मागे वळून पाहू नये.

आता तिसऱ्या प्रकाराकडे येतो. खरे तर याच्यासाठीच मी हा विषय घेतला. हे मूल ‘माहीत नाही’ म्हणते, पण त्याला माहीत असते. त्याला इतिहास शिकायचा असतो, किंवा शेतीच करायची असते, किंवा मोटारी दुरुस्त करायच्या असतात. आणि हे उच्चारले तर जेवणाच्या पाटावर शांतता पसरेल, हेही त्याला माहीत असते. म्हणून ते गप्प बसते, सांगाल तेथे प्रवेश घेते, आणि तिसऱ्या वर्षाला विषय राहू लागले की आपण म्हणतो, ‘हा असा कसा निघाला?’ तो असा निघाला नाही. त्याने आपल्याला सांगायचा प्रयत्न केला होता, आणि आपण पाहुण्यांसमोर विचारले होते. मूल लातूरला असो, कोट्याला असो वा आपल्या गावातल्या शिकवणीत असो, ज्याला घरी खरे बोलता येत नाही ते सर्वत्र एकटेच असते. अशा एकटेपणाचे शेवट कधी कधी वर्तमानपत्रात येतात. त्यावर मी अधिक बोलत नाही. आपण सारे ते वाचतो.

तेव्हा आईवडिलांना माझी तीन मागणी आहेत. पहिली अशी की, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. बाजारात जाताना, विहिरीवर, गाडीवर मागे बसवून नेताना, एकट्याला विचारावा, आणि उत्तर आल्यावर लगेच त्याचे खंडन करू नये. एक रात्र जाऊ द्यावी. दुसरी अशी की, घरची मिळकत मुलाला आकड्यांत सांगावी. ‘तू शिक, पैशाची काळजी आम्ही करू’ हे वाक्य ऐकायला थोर आहे, पण त्याने मुलाच्या मानेवर न मोजलेले ओझे बसते. अमुक इतके शुल्क परवडते, इतके कर्ज काढावे लागेल, त्याचा हप्ता इतका, हे सरळ सांगितले की मूल स्वतःच शहाण्यासारखा विचार करते. तिसरी अशी की, मुलाने वर्षभराने वाट बदलली तर ‘एक वर्ष फुकट गेले’ असे म्हणू नये. चुकीच्या वाटेवर आणखी तीन वर्षे चालण्यापेक्षा एका वर्षात परतणे स्वस्त पडते, हा साधा व्यापारी हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘महाराज, हे चाखणे आणि वाट बदलणे पोट भरलेल्यांचे. आमच्या घरात एकाच मुलाच्या शिक्षणाला पैसा आहे, तोही एकदाच.’ हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ज्याच्याकडे एकच बियाणे आहे त्याने तर जमीन अधिकच पाहून पेरावे. चाचपणीचे जे मार्ग मी सांगितले त्यांना पैसा पडत नाही, वेळ पडतो. शिवाय कमावत कमावत शिकणे आपल्याकडे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि ‘कमवा आणि शिका’ हा तिचा प्राण होता. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ झाले, ते नोकरी सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्यांसाठीच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे शिकून हाताला काम मिळवणे, पुढे पदविका, मग जमले तर पदवी, असा जिना चढणारी मुले आपल्या गावात आहेत. हा जिना लिफ्टपेक्षा हळू असेल, पण प्रत्येक पायरीवर उभे राहता येते. ज्या घरी पैसा थोडा, त्या घरी प्रत्येक मुक्कामी काही तरी हाती पडणारी वाट बरी.

आणि मुलींविषयी एक शब्द. पुष्कळ घरांत मुलीचे ‘ठरत नाही’ फार लवकर ठरते: जे कॉलेज जवळ, त्यात जे मिळेल ते. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागू लागल्या. केवळ मुलगी म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, त्यांना प्रवेश मिळाला, आणि १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे वडील आणि काका हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. घर पाठीशी होते. त्याच घरातल्या त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत साहित्य आणि लोकसाहित्याकडे गेल्या. एका छपराखाली दोन मुलींना दोन वेगळ्या वाटा मिळाल्या, हे मला त्या घराचे मोठे वैभव वाटते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ केले आहे. तेव्हा ‘परवडत नाही’ म्हणण्यापूर्वी आपली मुलगी त्यात बसते का, एवढी चौकशी महाविद्यालयाच्या कचेरीत जरूर करावी.

श्रोतेहो, काय शिकावे याचे एकच बरोबर उत्तर कोठे तरी लिहून ठेवले आहे आणि ते आपल्या मुलाला सापडत नाही, ही समजूत आपण सोडली पाहिजे. उत्तर आधी नसते. थोडे पाहून, थोडे करून, थोडे बदलून ते तयार होते. अठराव्या वर्षी मुलाकडून आपण निश्चय मागू नये. चौकशी मागावी, खरे बोलणे मागावे, आणि घेतलेले काम नीट करण्याचे वचन मागावे. या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याचे आज ठरले नसले तरी काही बिघडले नाही. येत्या काही आठवड्यांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी निकाल लागतील. निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटा. पण त्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी मुलाला घेऊन फिरायला जा, प्रश्न विचारा, आणि ते बोलेपर्यंत गप्प राहा.